माझ्यावाचून अडेल अशी सभा

दहिवडी ते सांगली हा काही कुणाला मिरवून सांगावा असा प्रवास नाही. एसटीत बसायचं, काचेचा खडखडाट ऐकायचा आणि उतरायचं. त्यामुळे बसमधलं काही मी सांगत नाही. पण या मार्गशीर्षात मी आणि वहिनी घोंगड्यांची दोन गाठोडी घेऊन सातारा, इस्लामपूर, कुंडलची बाजू आणि सांगलीच्या पलीकडचं एक गाव असं फिरून आलो. ज्यांनी हा मुलूख फक्त हायवेवरून पाहिलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी पत्रकं लिहिते. आमच्या माण तालुक्यात शाळेच्या गळक्या पत्र्यापासून टँकरच्या फेऱ्यांपर्यंत कशावरही पत्रक निघालं की ते माझ्या हातचं असतं, आणि ते चौकात उभं राहून वाचणारा आवाजही माझाच. पत्रकाची एक रीत असते. पहिल्या ओळीत आरोप आणि शेवटच्या ओळीत इशारा. मला दुसरी कुठली रीत येत नव्हती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा मुंबईत एका गोदामात आहे. आमच्या भागातली निम्मी पुरुष माणसं तिकडंच असतात. आमचं घर मूळ मेंढपाळांचं. हल्ली मेंढ्यांची लोकर कुणी घेत नाही म्हणून कातरून माळावर टाकून देतात. वहिनीनं ती गोळा करायला सुरुवात केली. गावातल्या बायका ती कातून देतात आणि पडवीत मागावर घोंगडं विणलं जातं. घोंगडं असं होतं की दोन पिढ्या फाटायचं नाव घेत नाही. अडचण एवढीच की ते खपत नव्हतं. पडवीत थप्पी वाढत चालली होती.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "संक्रांतीपातूर घोंगडी खपली तर बरं. न्हाईतर पडवी मोकळी कर, पोरीला घे आणि हिकडं ये. खोली बघून ठेवलीया." वहिनी "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि मागावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं काहीच विणलं नाही. ताण्यावरून नुसता हात फिरवत राहिली.

म्हणून सगळी थप्पी दोन गाठोड्यांत बांधून आम्ही निघालो. पोरीला आईपाशी ठेवलं. गाडीची वेळ झाली तरी वहिनी उंबऱ्यापाशी वाकून दादाच्या जुन्या काळ्या चपला फडक्यानं पुसत बसलेली. मी ओरडले, "अगं, मेल्या चपला त्या! कोण घालतंय?"

"आले आले," म्हणाली आणि चपला दाराच्या मधोमध नीट ठेवून आली.

सातारा

साताऱ्यात उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर नुकतं ऊन आलं होतं आणि गाव अजून स्वेटरात होतं. बचत गटांचं प्रदर्शन होतं आणि त्याआधी छोट्या धंदेवाल्यांसाठी एक फुकट शिबिर. शिकवायला ब्लेझर घातलेले एक सर होते. असल्या सरांचा मला मुळात राग. पण हा माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ताई, तुम्ही बोलता चांगलं. बोलणाऱ्या माणसाचा धंदा वाढतो. पण दिसेल त्या माईकवर बोलू नका. बोलण्यातली आपली जागा शोधा. तुमच्यावाचून अडेल अशी एक सभा असते. ती सापडली की घोंगडं आपोआप खपेल."

बाहेर पडल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्यावाचून अडलंय आशी एक तरी सभा दावा बघू."

"दहिवडीचा मोर्चा."

"त्यो तुमी नसला तरी निघतो. उलट येळंत निघतो."

प्रदर्शनात मला लकी ड्रॉच्या दोन सोडतींच्या मधे पाच मिनिटं मिळाली. पहिलं बक्षीस काय असावं? मिंक ब्लँकेट! गुलाबी, त्यावर वाघ. ते बघून माझं डोकंच सरकलं. मी माईक घेतला आणि सुरू झाले, "बंधू-भगिनींनो, तुमच्या अंगावरचं ब्लँकेट हा एका गुन्ह्याचा पुरावा आहे!" पुढं माळावर फेकलेली लोकर आली, परदेशी धागा आला, सरकार आलं आणि शेवटी इशाराही आला. टाळ्या कडाडल्या. खाली उतरले तेव्हा नऊवारीतल्या एका मावशींनी माझा हात हातात घेतला. "बाळ, लय झ्याक बोललीस. मतदान कवा हाय?"

दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं. मोठ्या गाडीतून उतरलेले गृहस्थ, घोंगडं उलटंपालटं करून म्हणाले, "छान आहे. आमच्या ब्रूनोला होईल."

"ब्रूनो कोण?"

"लॅब्राडोर."

मी घोंगडं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि घडी घातली. ते गेल्यावर वहिनीनं गाठोडं नीट लावलं. मग कंदी पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "कुत्र्याला थंडी वाजत न्हाई व्हय, वन्सं?"

मेंढ्यांमागं आमची कुत्री थंडीत घोंगड्याच्या कोपऱ्यावरच झोपतात, हे मी कसं विसरले?

इस्लामपूर

साताऱ्याच्या खाली उतरत गेलं की मुलूख असा हिरवा होत जातो की आमच्यासारख्याला राग यावा. दोन्ही बाजूंना ऊस, मधून ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांमागं आमच्यासारखे ताटकळणारे. एका ठिकाणी रस्ता तुंबला म्हणून सगळे खाली उतरले. शेजारच्या फडातून पाटाचं पाणी सुटून डांबरावरून वाहत होतं. कुणाचं लक्षही नव्हतं. आमच्याकडं टँकर आला की हंडे आधी रांगेत लागतात आणि बायका नंतर. मी तिथंच सुरू झाले, "बघ वहिनी, हे असं! याला म्हणतात..."

वहिनीनं चपला काढल्या होत्या. लुगडं घोट्याच्या वर धरून ती त्या पाण्यात उभी होती.

"गप हुबं ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "लय गार हाय."

मीही उभी राहिले. पत्रक मनातल्या मनात अर्ध्यावर थांबलं.

इस्लामपुरात माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या आईनं, सुमनकाकूंनी, त्यांच्या महिला मंडळात माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, श्रमाचं मोल. मी तासभर बोलले. बायका शांत बसून ऐकत होत्या, दोघीतिघी वहीत उतरूनही घेत होत्या, त्यामुळं मला वाटलं हीच ती सभा. शेवटी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. घोंगड्यांच्या गाठोड्याला मात्र कुणी हात लावला नाही. एकजण म्हणाली, "आमच्याकडं एवढी थंडी कुठं असते?" तोंडातून वाफा निघत होत्या तिच्या.

काकूंच्या घरी अख्खा मसूर आणि गरम रोट्या. आमच्याकडं मसूर म्हणजे आमटी, पातळ, चार माणसांची सहा करणारी. इथं तो तेलात असा दाटून बसलेला की रोटीचा तुकडा त्यात उभा राहतो. आम्ही दोघी पोटभर जेवलो. जेवल्यावर वहिनीनं माझी शाल हातात घेतली, बोटांत चुरली आणि नाकाला लावली. "हिच्यात मेंढीचा एक केस न्हाई. बाटलीची हाय ही, प्लॅस्टिकच्या."

काकू ताटं आवरता आवरता थांबल्या. "बघू गं जरा." काठावर चहाचा एक पुसट डाग होता. तो त्यांनी दिव्याखाली धरला आणि मटकन खाली बसल्या. "अगं बाई! ही तर आमचीच!"

झालं होतं असं की ती शाल कधीतरी काकूंच्या मिस्टरांना सत्कारात मिळालेली. काकूंनी ती गौरी-गणपतीत एका बाईंच्या सत्काराला दिली. त्या बाईंनी आणखी कुठं दिली असेल, आणि फिरत फिरत ती मंडळाच्या कपाटातून माझ्या खांद्यावर आली. काकू हसून हसून लाल झाल्या. मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत शाली. प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा न काढलेल्या.

"एवढ्या शाली, आणि तुमी रातच्याला पांघरता काय?" वहिनीनं विचारलं.

"गोधडी," काकू म्हणाल्या. "ह्या पांघरायच्या नसतात गं. ह्या द्यायच्या असतात."

मला हे ऐकून हसावं की भांडावं कळेना. आपल्याकडं माणसाचा मान करायचा म्हणजे ज्याचा काही उपयोग नाही असं काहीतरी त्याच्या खांद्यावर टाकायचं, आणि त्यानं ते घरी नेऊन दुसऱ्याच्या खांद्यासाठी जपून ठेवायचं. आमच्या धनगरांत मान करायचा तर घोंगडं अंथरून त्यावर बसवतात. पाहुणा उठला की रात्री तेच घोंगडं कुणीतरी पांघरतं. मी हे बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "मग उद्या चला माझ्याबरोबर. कुंडलच्या अलीकडं माझा भाचा राहतो. मिलिटरीतनं रिटायर होऊन आलाय, उद्या त्याचा सत्कार आहे. तिथं बघा अजून किती शाली निघतात."

कुंडलच्या अलीकडे

सातारा-सांगलीकडचं गाव आपल्या फौजीला कसं घरी आणतं हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं एकदा जरूर पाहावं. वेशीपासून फुलांची उघडी जीप, पुढं हलगी, रस्ताभर रांगोळ्या, घराघरापुढं औक्षणाची ताटं. जीपमध्ये काकूंचा भाचा, नितीन, कडक इस्त्रीच्या गणवेशात उभा होता आणि काय करावं न सुचून सगळ्यांना सॅल्यूट करत होता. एका म्हातारीनं त्याला खाली वाकवून त्याच्या गालाचा मुका घेतला तेव्हा त्याची टोपी पडली आणि सगळी आळी हसली.

मांडवापुढं खुर्च्या भरत होत्या. आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो, कारण पाहुणी म्हणून बसून राहणं वहिनीला जमत नाही. तिथं चुलवणावर मसालेभात शिजत होता आणि बायका वांगी चिरत होत्या. त्यांत हिरव्या काठापदराची नवी साडी नेसलेली एक बाई होती. पदर खोचून बसलेली, कोपरापर्यंत हात पाण्यात. तीच नितीनची बायको, लता.

"अहो, तुम्ही इथं काय करताय?" मी म्हणाले. "तुमचा कार्यक्रम तिकडं आहे."

"त्यो त्यांचा हाय," ती हसत म्हणाली. "माझा हितं. भाताला मीठ कमी पडलं तर नाव कुणाचं निघंल?"

बोलता बोलता ती सांगत गेली. रानातली मोटर रात्रीच्या लायटीवर चालू करायला जायची ते, सासऱ्यांना मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात न्यायची ते. एकदा बऱ्याच दिवसांनी नवरा रजेवर आला तेव्हा लेक त्याला "काका, पाणी घ्या" म्हणाली होती. सगळ्या जणी हसल्या, लताही हसली. मग वांग्याचं देठ उडवत म्हणाली, "आज सकाळी एक काम केलं बघा. ह्यांच्या जुन्या चपला दारातनं उचलून माळ्यावर टाकल्या. आता खऱ्याच आल्या."

"म्हणजे?" मी विचारलं.

"दारात गड्याच्या चपला आसल्या की वळखीचं-बिनवळखीचं कुणी हाळी न देता आत येत न्हाई. घरात बाप्या हाय आसं वाटतं."

वहिनी वांगी चिरता चिरता म्हणाली, "रोज पुसायला लागत्यात. धूळ बसली की लगीच कळतं, वापरातल्या न्हाईत म्हणून."

"व्हय!" लता म्हणाली. "मी तर अधनंमधनं जागा बदलायची. कधी हिकडं, कधी तिकडं."

दोघी अशा बोलत होत्या की जणू लोणच्याची कृती चाललीय. मी हातातलं वांगं खाली ठेवलं. ज्या चपला मी झाडताना केरसुणीनं बाजूला सारायची आणि वहिनी पुन्हा मधोमध आणून ठेवायची, त्या चपला. एकाच घरात राहतो आम्ही. बायकांच्या सुरक्षेवर मी पत्रकं काढलीत, आणि माझ्या उंबऱ्यावर माझी वहिनी रोज सकाळी चपला पुसून स्वतःची राखण करत होती.

मला इतका संताप आला की रडू यायला लागलं. "वहिनी, हे काय जगणं आहे? चपलांनी राखण करायची? हे बदललं पाहिजे!"

"बदला की," वहिनी शांतपणे म्हणाली. "तुमी बदला जग. तवर चपला ऱ्हाऊ द्या दारात."

इतक्यात सुमनकाकू धावत आल्या. प्रमुख पाहुण्यांची गाडी कारखान्याच्या रस्त्यावर उलटलेल्या उसाच्या ट्रॉलीमागं अडकली होती. गावातले सगळे वक्ते बोलून संपले होते. कार्यक्रम अडला होता. "तू बोलतेस ना गं? पाहुणे येईपर्यंत धर जरा."

मी लताकडं बघितलं. "आत्ता जे सांगितलंत, ते बोलू का?"

तिनं हात पुसले. थोडा विचार केला. "बोला. आता कशाचं भ्या?"

स्टेजवर नितीन मधल्या खुर्चीत शालींच्या ढिगाखाली बसला होता. आधीच्या वक्त्यांचं सीमा, बर्फ, बंदूक, सगळं सांगून झालं होतं. एरवी मी "मित्रहो" म्हणून आरोपाला सुरुवात करते. त्या दिवशी तोंडातून निघालं ते असं, "या घराच्या दारात कालपर्यंत चपलांचा एक जोड होता. तो कुणी घालत नव्हतं."

मी आवाज चढवला नाही. लता जसं बोलली तसंच सांगत गेले. मोटर, दवाखाना, "काका, पाणी घ्या". नितीन खाली बघत होता. मी म्हणाले, "सीमेवर ह्यांच्या हातात बंदूक होती. इथं लतावहिनींच्या हातात एक फडकं होतं, चपला पुसायचं. राखण दोघांनीही केली." मग मला राहवलं नाही. "आणि गावात बाईला दारात चपला मांडून राहावं लागतं, याची लाज तिनं नाही, आपण वाटून घ्यायची. आमच्याही दारात एक जोड आहे. माझी वहिनी तो रोज पुसते."

टाळ्या नाहीत. मागं चुलवणावरचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. पहिल्या रांगेतले एक आजोबा स्वतःच्या पायांकडं बघत बसले होते.

मी लताला वर बोलावलं. ती येईना, बायकांनी ढकलून पाठवली. आता पंचाईत. निवेदकानं टेबलाखाली हात घातला, शाली संपल्या होत्या. मोजून आणलेल्या, आणि त्या मोजणीत लता नव्हतीच. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. तेवढ्यात मांडवाच्या मागून वहिनी येताना दिसली. डोक्यावर पदर आणि काखेत काळं घोंगडं. माझ्या आठवणीत ती कधी स्टेजच्या पायरीवर चढलेली नाही. ती आली, घोंगडं उलगडलं आणि लताच्या खांद्यावर टाकलं. घोंगडं मोठं. उरलेला अर्धा भाग खाली लोळायला लागला तसा तिनं तो उचलून शेजारी उठून उभ्या राहिलेल्या नितीनच्या खांद्यावर टाकला. एकाच घोंगड्यात दोघं.

फौजी अवघडला, मान हलवली आणि समोरच्या माईकचं भान न राहून म्हणाला, "टोचतंय लय!"

सगळा मांडव हसला. लता तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. "...पण ऊब हाय," नितीन म्हणाला, आणि त्यानं घोंगडं काढलं नाही. प्रमुख पाहुणे आले तेव्हाही ती दोघं तशीच बसली होती. पाहुण्यांनी आणलेली शाल त्या घोंगड्यावरून टाकावी लागली आणि ती दोनदा घसरून पडली.

जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक माणूस येऊन बसला. "ताई, माझा चुलता माघात रिटायर हुतोय. तुमी याल काय बोलायला? आमच्या काकीबद्दल? आणि ते घोंगडं बी घेऊन या." त्याच्यामागं दुसरा उभा होता. वहिनी मला बुंदी वाढायला आली आणि कानाशी म्हणाली, "वन्सं, सभा घावली जणू."

सांगलीच्या पलीकडे

त्या पंगतीतल्याच एका पाहुण्यांनी आम्हाला पुढं नेलं. सांगलीच्या पलीकडचं, काळ्या रानाचं आणि हळदीचं गाव. जैन शेतकऱ्यांची घरं. त्यांच्या ओळखीच्या एका बुजुर्ग शेतकऱ्यांचा, अण्णांचा, पंचाहत्तरीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. पोचलो तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं आणि अण्णांच्या सूनबाई घाई करत होत्या, "चला चला, पाट मांडलेत. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या."

आमच्याकडं मेंढरं आणि माणसं घरी आल्यावर दिवा लागतो आणि मग भाकरी थापायला घेतात. उजेडात रात्रीचं जेवण मी पहिल्यांदाच जेवले. ज्वारीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि कांद्या-लसणाशिवायची आमटी. कांदा नसलेली आमटी म्हणजे आजाऱ्याची, असं मी समजून होते. तीन वेळा मागून घेतली.

अण्णांची थोरली बहीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. तिनं घोंगड्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "रागावू नका. विचारते. यात मेंढीचा जीव जातो का?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं, चांगलं सणसणीत. पण वहिनी आधी बोलली, "न्हाई वो अक्का. आदी तिला डोहात घालून धुतो. पोहती बी चांगली. मग उन्हात वाळू देतो आणि कातरतो. कुठं चुकून खरचाटलं तर हळद लावतो, तुमच्याच गावची आसंल. आणि सोडली की आशा उड्या मारती, जशी शाळा सुटल्याली पोरं."

अक्कांनी पुन्हा घोंगड्यावर हात ठेवला. या वेळी काढला नाही.

कार्यक्रमाआधी मी अण्णांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारायला बसले. ते म्हणाले, "माझं सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई गेली तेव्हा मी दूधपिता. हिनं वाढवलं, अक्कानं. हिचा कार्यक्रम कधी झाला नाही. उद्या तिच्याबद्दल बोला." मी बोलले. थोडकंच. घोंगडं अंगावर घेऊन अक्का पुढच्या खुर्चीत बसली होती. मी वाकून विचारलं, "टोचतं का?"

"टोचू दे की," ती म्हणाली. "पांघरलंय असं कळतंय तरी."

परत निघताना सांगलीच्या स्टँडवर मी भडंग घेत होते आणि फोन वाजला. दादा होता. कुंडलकडच्या कुणीतरी माझं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं आणि ते फिरत फिरत मुंबईला, दादाच्या खोलीपर्यंत गेलं होतं.

"खोलीतल्या समद्यांनी बघितलं," तो म्हणाला. "ती काळी चप्पल... मी दर सुट्टीला म्हणायचो, टाक की गं."

मी फोन वहिनीकडं दिला. तिनं ऐकून घेतलं. एकदा "व्हय" म्हणाली, एकदा "न्हाई वो, तसं न्हाई". मग म्हणाली, "जेवला का तुमी?"

कुंडलच्या पंगतीत निम्मी आणि अण्णांच्या पाहुण्यांत उरलेली घोंगडी खपून गाठोडी रिकामी झाली होती. दादा काय ठरवणार ते मात्र कळत नव्हतं. बसमध्ये वहिनीनं मला विचारलं, "मुंबईत माग बसंल एवढी खोली मिळती का हो?" उत्तर तिलाही ठाऊक होतं.

घर

वाटेत काकूंकडं एक रात्र राहून आम्ही पोचलो तर दादा आधीच येऊन बसलेला. पोरगी त्याच्या खांद्यावर. दारात त्याचे दिवाळीला घेतलेले नवे सँडल होते आणि शेजारी त्या जुन्या काळ्या चपला. तो पडवीत जाऊन आला. थप्पी कुठं गेली ते विचारलं नाही. मागाशी उभा राहून त्यानं ताण्याचा एक धागा ओढून बघितला आणि सोडला. आईनं चहा दिला. बशीत ओतता ओतता म्हणाला, "ती खोली मालकानं दुसऱ्याला दिली."

वहिनीचा हात थांबला. "का वो?"

"मीच सांगितलं त्याला."

आई उगाच उठून परसात गेली. मी तोंड उघडलं, वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि मी ते मिटलं. मला गप्प बसणंही जमतंय, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

दोन दिवस राहून दादा परत निघाला. उंबऱ्यापाशी थांबला. सँडलवर पाय ठेवला, मग काढला, आणि त्या काळ्या चपलांत घातला. न वापरून चामडं कडक झालेलं. अंगठा बसेना. खाली बसून त्यानं तो दाबून मऊ केला.

"आवं, वाटंत तुटतील त्या," वहिनी म्हणाली.

"तुटल्या तर शिवून घीन. ह्या ऱ्हाऊ देत हितं." त्यानं सँडल पायानंच दाराच्या मधोमध सरकवले. "त्याच त्या चपला बघून लोकांना बी कळाय लागलं आसंल, घरात गडी न्हाई म्हणून."

तो स्टँडकडं चालत गेला, फटक फटक आवाज करत, डावी चप्पल जरा ओढत. वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही उभ्या होतो. बाईला दारात चपला मांडाव्या लागू नयेत, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे, आणि त्यावर मी पुढच्या सभेत बोलणार आहे. पण त्या सकाळी मी गप्प राहिले. वहिनीनं वाकून पदरानं सँडल पुसले, त्यांची टोकं सरळ केली आणि आत गेली. थोड्या वेळानं पडवीतून मागाचा ठोका ऐकू यायला लागला.